छळ कोणाचा होणार, हे कुळ ठरवत होतं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पैगंबर मुहंमद यांच्या चरित्रात एका पानावर वाचायला मिळतं, की मक्केतल्या पहिल्या मुसलमानांना तापलेल्या वाळूवर निजवलं, एका बाईला भाला खुपसून मारलं. पुढच्या पानावर मात्र पैगंबर त्याच शहरात वर्षानुवर्षं उघड उपदेश करताना दिसतात. मग छळ खरा किती आणि नंतरच्यांनी रंगवलेला किती? आणि कुरैशांचा, म्हणजे मक्केतल्या जमातीचा, एवढा संताप होता, तर त्यांनी सुरुवातीलाच सगळं मोडून का काढलं नाही?

मी पदवीच्या आणि एम.ए.च्या वर्गांना इस्लामचा सुरुवातीचा इतिहास शिकवतो. चोवीस वर्षं झाली. हा प्रश्न बहुतेक दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं, आणि विचारणारा बहुधा नीट वाचणारा असतो. वरवर वाचणाऱ्याला यात काही खटकतच नाही. माझं म्हणणं असं, की वाळूवरचा छळ आणि उघड उपदेश या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून आल्या. म्हणून 'छळ किती झाला' असं विचारलं की उत्तर हाती लागत नाही. 'कोणाचा झाला आणि कोणाच्या हातून झाला' असं विचारलं की बरंच उलगडत जातं.

इ.स. ६१०च्या सुमाराची मक्का डोळ्यांसमोर आणा. शहरात राजा नाही, कोतवाल नाही, न्यायालय नाही, तुरुंग नाही. कुरैश ही जमात, आणि तिच्यात हाशिम, मख्जूम, उमय्या, जुमह, सहम, तैम, अदी अशी कुळं. कुळांची वडीलधारी मंडळी एकत्र बसून ठरवायची, पण एखाद्या कुळानं ऐकलं नाही तर त्याच्यावर सक्ती करणारं वर कोणी नव्हतं. मग माणूस सुरक्षित राहायचा कशानं? त्याला हात लावला तर त्याचे भाऊबंद रक्ताचा बदला घेतील, या धाकानं. आपल्या कुळातला माणूस आपल्याला पटो न पटो, परक्यानं त्याला मारलं तर सूड घेणं हा इभ्रतीचा प्रश्न होता. आणि याचीच दुसरी बाजू अशी, की घराच्या आत काय चालतं यात बाहेरचा कोणी पडत नसे. चुलता पुतण्याला बांधून ठेवू शकत होता. मालक गुलामाचं काहीही करू शकत होता.

वर्गात मी मुलांना एक तक्ता करायला लावतो. रकाने चार: नाव, कुळ, पाठीशी कोण, आणि काय झालं. तीसेक नावं भरून झाली की तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याचं नातं मुलांना आपलं आपणच दिसतं. तुम्हीही कागद घेऊन बसलात तर पुढचं वाचणं सोपं जाईल.

मक्केतला सर्वांत कडवा विरोधक अबू जहल, मख्जूम कुळातला. त्याची रीत ८व्या शतकातल्या इब्न इसहाक या चरित्रकारानं नोंदवून ठेवली आहे. कोणी मुसलमान झाल्याचं कळलं, की तो आधी पाहायचा, माणूस कोण आहे. मानमरातबाचा, पाठीशी माणसं असलेला असेल तर त्याला म्हणायचा, तुझ्यापेक्षा चांगल्या असलेल्या तुझ्या बापाचा धर्म तू सोडलास, आता तुझी अब्रू ठेवणार नाही. व्यापारी असेल तर म्हणायचा, तुझा माल कोणी घेणार नाही, तुझा धंदा बुडवीन. आणि दुबळा असेल तर सरळ मारहाण. एकाच माणसाच्या तीन वागणुका, आणि फरक करणारी गोष्ट एकच.

आता तक्त्याचा तो भाग, जिथं तिसरा रकाना रिकामा राहतो.

बिलाल बिन रबाह हे हबशी वंशाचे गुलाम. मालक जुमह कुळातला उमय्या बिन खलफ. भर दुपारी तो त्यांना मक्केच्या उघड्या वाळवंटात न्यायचा, पाठीवर उताणं पाडायचा आणि छातीवर मोठा धोंडा ठेवायला लावायचा. मरेपर्यंत असाच पड, नाहीतर मुहंमदाला नाकार आणि लात-उज्जा या देवींची पूजा कर. बिलाल 'अहद, अहद' म्हणत राहायचे: एकच, एकच. शेवटी पैगंबरांचे जवळचे मित्र अबू बकर यांनी उमय्याला आपल्याकडचा एक जास्त धट्टाकट्टा गुलाम देऊन त्यांना सोडवलं आणि मुक्त केलं. उमय्याच्या बाजूनं पाहिलं तर हा त्याच्या मालकीच्या वस्तूचा प्रश्न होता. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही 'हे थांबव' म्हणायचा अधिकार नव्हता. विकत घेणं हाच सोडवण्याचा एक मार्ग.

अबू बकर यांनी अशी सात माणसं सोडवल्याचं इब्न इसहाक सांगतो. त्यात नहदिया नावाची एक बाई आणि तिची मुलगी होती. अबू बकर जाताना पाहतात, तर मालकिणीनं या दोघींना पीठ देऊन कामाला धाडलेलं, आणि वर शपथ घालून सांगतेय, की तुम्हाला कधीच सोडणार नाही. अबू बकर म्हणाले, शपथ मोड. ती म्हणाली, तूच त्यांना बिघडवलंस, तूच सोडव. तिथल्या तिथं किंमत ठरली. अबू बकर त्या दोघींना म्हणाले, तिचं पीठ तिला परत द्या. त्या म्हणाल्या, हातातलं काम उरकूनच नेऊन देतो, चालेल? ते म्हणाले, तुमची मर्जी. दोन वाक्यांपूर्वीपर्यंत गुलाम असलेल्या बायका स्वतःच्या इच्छेनं ते पीठ पुरं करतात. हा प्रसंग मी वर्गात कधीच गाळत नाही. ज्यांची नावं इतिहासात एका ओळीपुरती येतात, त्या माणसांचा आवाज इथं खरोखर ऐकू येतो.

याच संदर्भात अबू बकर यांच्या वडिलांचं, अबू कुहाफा यांचं बोलणं पाहा. ते मुलाला म्हणाले, एवढा पैसा खर्चून तू दुबळ्यांनाच का सोडवतोस? सोडवायचेच तर तगडे पुरुष सोडव, वेळ आली तर तुझ्यासाठी उभे राहतील. मक्केत सुरक्षितता म्हणजे पाठीशी असलेली माणसं, हे त्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात सांगितलं. अबू बकर यांचं उत्तर होतं, की मी हे अल्लाहसाठी करतोय.

यासिर यांचं घर गुलामीतलं नव्हतं, पण जवळपास तितकंच उघडं पडलेलं. यासिर मूळचे यमनचे. मक्केत येऊन मख्जूम कुळाच्या आश्रयानं राहिले आणि त्याच कुळाच्या सुमय्या या दासीशी त्यांचं लग्न झालं. म्हणजे त्यांचं रक्षण करायचं ते अबू जहलच्याच कुळानं. आश्रयदाताच मारेकरी झाला की आश्रित माणसानं जायचं कुठं? यासिर, सुमय्या आणि मुलगा अम्मार यांना दुपारच्या उन्हात तापत ठेवत. पैगंबर तिथून जाताना म्हणाले, यासिरच्या घरच्यांनो, धीर धरा, तुमची भेटीची जागा स्वर्ग आहे. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं हे वाक्य फार महत्त्वाचं. पैगंबर समोर उभे आहेत, आणि थांबवू शकत नाहीत. सुमय्यांना अबू जहलनं भाल्यानं मारलं. इस्लामच्या परंपरेत पहिलं हौतात्म्य त्यांचं मानतात, एका वृद्ध माजी दासीचं.

अम्मार मात्र मोडले. असह्य झालं तेव्हा त्यांनी मूर्तींची स्तुती केली, पैगंबरांविषयी वाईट शब्द उच्चारले, आणि सुटल्यावर रडत पैगंबरांकडे गेले. पैगंबरांनी विचारलं, मन कसं आहे? ते म्हणाले, श्रद्धेवर स्थिर आहे. पैगंबर म्हणाले, त्यांनी पुन्हा तसं केलं तर तूही पुन्हा तसं म्हण. कुराणाच्या १६व्या सूरेतली (अध्यायातली) १०६वी आयत (वचन), जिच्यात जबरदस्ती झालेल्या पण मनानं श्रद्धेवर असलेल्या माणसाला दोषातून वगळलं आहे, ती याच प्रसंगाशी जोडली जाते.

खब्बाब बिन अरत यांच्यावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण त्यांच्या वाट्याला अंगावरचा छळ आणि धंद्यावरचा, असे दोन्ही प्रकार आले. ते लोहार होते, तलवारी घडवायचे. लहानपणी पकडून विकले गेलेले, मक्केत उम्मे अनमार नावाच्या बाईच्या मालकीचे. त्यांना निखाऱ्यांवर पाठ टेकून निजवलं गेलं. पुढं कैक वर्षांनी, हजरत उमर खलिफा असताना, त्यांनी पाठ उघडी करून दाखवल्याचं सांगतात. पण मला त्यांच्या उधारीचा प्रसंगही तेवढाच बोलका वाटतो. सहम कुळातल्या आस बिन वाइलसाठी खब्बाब यांनी काम केलं होतं. पैसे मागायला गेले, तर तो म्हणाला, मुहंमदाला नाकारशील तर देईन. खब्बाब म्हणाले, तू मरून पुन्हा उठेपर्यंत नाकारणार नाही. तो म्हणाला, अच्छा, मेल्यावर मी पुन्हा उठणार? मग तिथं माझ्याकडे संपत्ती असेल, मुलंबाळं असतील, तेव्हाच तुझे पैसे देतो. १९व्या सूरेत ७७व्या आयतीपासून याचा उल्लेख असल्याचं परंपरा मानते. हातावर पोट असलेल्या कारागिराची बाकी बुडवणं याला कोणी छळ म्हणणार नाही कदाचित. पण भाता पेटवायला कोळसा त्याच पैशांतून यायचा, आणि दाद मागायला न्यायालय नव्हतं.

हेच खब्बाब एकदा काबा या मक्केतल्या पवित्र वास्तूच्या सावलीत चादरीवर टेकून बसलेल्या पैगंबरांकडे गेले आणि म्हणाले, आमच्यासाठी मदत मागत का नाही? पैगंबर म्हणाले, तुमच्या आधीच्यांना करवतीनं चिरलं तरी ते ढळले नाहीत. हे कार्य पुरं होईल, यमनमधल्या सनआहून हजरमौतपर्यंत स्वार निर्धास्त जाईल, पण तुम्ही घाई करता. बुखारींच्या हदीस-संग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, हे आहे. खब्बाब यांच्या प्रश्नातला थकवा तेराशेहून अधिक वर्षांनंतरही वाचताना जाणवतो.

आता तिसरा रकाना भरलेल्यांकडे येऊ. इथं छळ घरातल्यांनीच केला. उस्मान बिन अफ्फान हे उमय्या कुळातले धनवान व्यापारी. त्यांना चुलत्यानं बांधून ठेवलं. मुसअब बिन उमैर हे मक्केतले सर्वांत देखणे आणि उंची कपडे घालणारे तरुण. घरच्यांनी कोंडून ठेवलं, लाडकोड बंद झाले. पुढं ६२५ साली उहुदच्या लढाईत ते पडले तेव्हा कफनाला एकच वस्त्र होतं. डोकं झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की डोकं उघडं. शेवटी पायांवर इजखिर नावाचं गवत घातलं. साद बिन अबी वक्कास यांच्या आईनं अन्नपाणी सोडलं, तू हा धर्म सोडेपर्यंत खाणार नाही म्हणून. निखारे नाहीत, धोंडा नाही. पण आई उपाशी बसलेली पाहणं हे सोपं होतं असं मी तरी म्हणणार नाही. इथं मोजमापाचा प्रश्न तुम्ही छळ कशाला म्हणता यावर अवलंबून राहतो, आणि तो मी तुमच्यावर सोडतो.

एक नाव तक्त्यात वेगळं उठून दिसतं. अबू जर हे गिफार जमातीचे, मक्केत परके, म्हणजे तिसरा रकाना रिकामा. काबापाशी त्यांनी मोठ्यानं शहादा, म्हणजे इस्लाम स्वीकारल्याची साक्ष, उच्चारली आणि लोक तुटून पडले. पैगंबरांचे चुलते अब्बास मध्ये पडून म्हणाले, हा गिफारचा माणूस आहे, सीरियाला जाणारा तुमचा व्यापाराचा रस्ता यांच्याच मुलखातून जातो ना? लोकांनी हात आवरला. कुळ जवळ नव्हतं, पण काफिल्यांच्या वाटेवर होतं.

मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पैगंबरांना त्यांनी का मारलं नाही? कारण हाशिम कुळाचे प्रमुख, चुलते अबू तालिब, ठाम उभे राहिले. त्यांनी स्वतः इस्लाम स्वीकारला का, यावर सुन्नी आणि शिया परंपरांचं एकमत नाही; पण पुतण्याला त्यांनी सोडलं नाही, यावर दोन्ही एक आहेत. त्रास तरीही झाला. नमाजात कपाळ टेकवून सिजद्यात असताना उंटिणीच्या पोटातली घाण पाठीवर टाकली गेली, आणि मुलगी फातिमा यांनी येऊन ती काढली. गळ्याला कापड आवळलं गेलं, अबू बकर यांनी सोडवलं. पण जीव घेणं म्हणजे हाशिम कुळाशी रक्ताचं वैर, आणि ते अंगावर घ्यायला कोणी एक कुळ तयार नव्हतं.

मक्केच्या प्रमुखांनाही ही अडचण कळत होती. म्हणून त्यांनी पुढं एकट्या माणसावर नाही तर कुळावर दाब आणला. त्याआधी, ६१५च्या सुमारास, मुसलमानांची एक लहान तुकडी समुद्र ओलांडून हबशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात, गेली, पाठोपाठ दुसरी मोठी, ऐंशीच्या आसपास पुरुष आणि त्यांच्याबरोबर बायका-मुलं. त्यांना परत मागायला कुरैशांनी अम्र बिन आस यांना कमावलेल्या चामड्याचे नजराणे देऊन तिथल्या राजाकडे, नजाशीकडे, धाडलं. जाफर बिन अबी तालिब यांनी दरबारात बाजू मांडली, मरियमची सूरा वाचून दाखवली, आणि ख्रिस्ती राजानं त्यांना अभय दिलं. यातले काही जण थेट ६२८ साली परतले. परदेशात काढलेली ती तेरा वर्षंसुद्धा चौथ्या रकान्यात लिहायला हवीत.

६१६च्या सुमारास कुरैशांनी करार लिहून काबात टांगला: हाशिम आणि मुत्तलिब या कुळांशी सोयरीक नाही, खरेदी-विक्री नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे 'वाळीत टाकणं' हा शब्दच आहे. दोन-तीन वर्षं ही माणसं अबू तालिब यांच्या दरीत कोंडल्यासारखी राहिली. हकीम बिन हिजाम आपल्या आत्यासाठी, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी खदीजा यांच्यासाठी, गहू नेताना अबू जहलनं अडवला आणि हाणामारी झाली. लक्षात घ्या, वाळीत पडलेल्या हाशिमींपैकी बरेच जण मुसलमान नव्हते. ते श्रद्धेसाठी उपाशी राहिले नाहीत; आपला माणूस परक्यांच्या हाती द्यायचा नाही, एवढ्यासाठी राहिले. आणि करार मोडला तोही मुसलमान नसलेल्या पाच कुरैशींनी, सोयऱ्यांची उपासमार बघवेना म्हणून.

६१९ साली खदीजा गेल्या, अबू तालिब गेले. कुळाचं प्रमुखपण अबू लहबकडे आलं, आणि त्यानं संरक्षण काढून घेतलं. इथं पैगंबरांचाच तिसरा रकाना रिकामा झाला. जवळच्या ताइफ गावी गेले, तिथं दगड खाल्ले. परतताना स्वतःच्या जन्मगावात पाऊल टाकायलाही त्यांना मुतइम बिन अदी या दुसऱ्या कुळातल्या मूर्तिपूजकाचं अभय घ्यावं लागलं. मुतइमचे मुलगे हत्यारं घेऊन काबापाशी उभे राहिले, तेव्हा ते आत आले. ६२२च्या हिजरतीचं, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्याचं, एक मोठं कारण हेच: मक्केत पाठीशी कोणी उरलं नव्हतं, आणि मदिनेच्या लोकांनी संरक्षण द्यायचं कबूल केलं होतं.

आता 'रंगवलेलं किती' याबद्दल. लिखित चरित्रं घटनेनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी आकाराला आली. आपल्या पूर्वजानं किती सोसलं हे सांगण्यात घराण्यांचा मान होता, त्यामुळे काही तपशील वाढले असणार. मी तरी तीन गोष्टींना धरून चालतो. पहिली, उरवा बिन जुबैर यांनी खलिफा अब्दुल मलिक यांना लिहिलेलं पत्र, जे इतिहासकार तबरीनं जपलं. ते चरित्रांच्या आधीचं, आणि त्यात म्हटलंय, की प्रमुखांनी आपापले मुलगे, भाऊ आणि कुळातली माणसं नव्या धर्मातून फिरवण्याचा बेत केला. म्हणजे छळ घरोघरी झाला, हे तिथंही आहे. दुसरी, अम्मार मोडले ही गोष्ट लपवलेली नाही. तिसरी, ज्या उमरना सुन्नी परंपरा इतकं पूज्य मानते, ते इस्लामपूर्वी एका दासीला दमेपर्यंत मारायचे आणि म्हणायचे, थकलो म्हणून थांबलोय, हेसुद्धा त्याच परंपरेनं नोंदवून ठेवलं. केवळ गौरवासाठी कोणी असं लिहीत नाही. त्याच वेळी, मक्केत जिवे मारलेल्यांची म्हणून ठामपणे येणारी नावं फार थोडी आहेत. कत्तल झाली असं कोणी म्हणत असेल तर ते चूक. पण म्हणून छळ किरकोळ होता असं काही अभ्यासक म्हणतात, तेही मला पटत नाही. त्यांचं लक्ष उस्मान आणि साद यांच्यावर असतं, नहदियावर नसतं.

तक्ता करणार असाल तर एक पाचवा रकानाही ठेवा: 'मदतीला कोण आलं'. तिथं अबू बकर यांचं नाव पुन्हा पुन्हा येईल, पण नजाशी, मुतइम यांचीही येतील. आणि उस्मान बिन तल्हा यांचं. उम्मे सलमा नवरा-मुलासह मदिनेला निघाल्या तेव्हा माहेरच्यांनी त्यांना उंटावरून उतरवून ठेवून घेतलं, आणि सासरचे म्हणाले, मग मूल आमचं. ओढाताणीत पोराचा हात निखळला. नवरा एकटा मदिनेला गेला. जवळजवळ वर्षभर त्या रोज सकाळी अबतहच्या मैदानात जाऊन संध्याकाळपर्यंत रडत बसायच्या, तेव्हा कुठं एका नातलगाला दया आली आणि मूल परत मिळालं. त्या मुलाला घेऊन एकट्याच निघाल्या. शहराबाहेर तनईमला उस्मान बिन तल्हा भेटले, तेव्हा मूर्तिपूजक. त्यांनी विचारलं, बरोबर कोणीच नाही? आणि उंटाची दोरी हातात घेतली. मुक्कामाला आले की उंट बसवायचे, मागं सरायचे, त्या उतरल्या की उंट झाडाला बांधून दूर दुसऱ्या झाडाखाली जाऊन निजायचे. मदिनेजवळची कुबाची वस्ती दिसली तेव्हा म्हणाले, तुझा नवरा या गावात आहे, जा. आणि मक्केच्या वाटेला लागले.